स्वस्तातली जागा

घाटकोपरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी पहिलं वेबपान केलं ते जिओसिटीजवर. जागा फुकट, फक्त पानावर त्यांच्या जाहिराती. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने ती सेवा बंद केली. आपलं लिखाण कुणाच्या दारात ठेवलंय, हे तेव्हापासून मी बघायला लागलो.

तोवर आजूबाजूच्यांच्या वेबसाइट करून द्यायला लागलो होतो: मुलुंडचे क्लासवाले, बोरिवलीचा ट्रेकिंग ग्रुप, आमच्याकडचं एक छोटं वाचनालय. सगळ्यांची अट एकच, वर्षाचा खर्च चार-पाच हजारांच्या वर जाता कामा नये. या बजेटात शेअर्ड होस्टिंगच मिळतं. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, चाळीतल्या सामाईक नळासारख्या. शेजारच्या साइटवर झुंबड उडाली की आपलं पान रखडतं.

आधी बाहेरच्या कंपन्यांना पैसे भरायचे तर डॉलर चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं, आणि वाचनालयाच्या खजिनदारांकडे ते कुठून असणार? तुराखिया बंधूंच्या मुंबईतल्या डायरेक्टी कंपनीने २०१० मध्ये बिगरॉक ही डोमेन आणि होस्टिंगची सेवा आणली, तेव्हा रुपयांत व्यवहार करता आला याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. २०१४ मध्ये तो व्यवसाय एन्ड्युरन्स या अमेरिकन कंपनीकडे गेला. या धंद्यात मालक असे बदलत राहतात. म्हणून डोमेन नेहमी वाचनालयाच्याच नावावर आणि होस्टिंगपासून वेगळ्या ठिकाणी ठेवायचं, हा माझा हट्ट. होस्टिंगवाल्याशी बिनसलं तरी नाव आपल्या हातात राहतं.

वाचनालयाची पुस्तकसूची एका स्वस्त होस्टिंगवर होती. त्यांनी न कळवता सर्व्हर बदलला आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल ताईंचा फोन आला, "अहो, सगळी प्रश्नचिन्हंच दिसतायत!" खरंच तसं होतं. लेखकाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, पुस्तकाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, फक्त किमतीचे आकडे शाबूत. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. डेटाबेस जुन्या लॅटिन अक्षरसंचावर लावला असेल तर त्याला ते साठवता येत नाही, तो तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो आणि मूळ अक्षर कायमचं जातं. कंपनीचा बॅकअपही तसाच निघाला. ताईंनी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेल्या सूचीने आम्हाला तारलं.

त्यामुळे नवं होस्टिंग पाहताना 'अनलिमिटेड' या शब्दाकडे मी बघतच नाही. जागा अमर्याद म्हणतात आणि फाइलींच्या संख्येची मर्यादा अटींच्या पानात तळाला असते. पहिल्या वर्षाचा दरही सोडून द्यावा. नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट झालेला मी पाहिलाय, तेव्हा तीन वर्षांचा हिशोब मांडावा. खरी परीक्षा पुढे. पैसे परत मिळण्याच्या मुदतीत मराठी मजकूर भरलेला डेटाबेस चढवायचा, बॅकअप काढायचा, तो दुसरीकडे उभा करायचा आणि ळ, ऱ्य, ज्ञ जसेच्या तसे आले का ते डोळ्यांनी वाचायचं. रात्री मदत केंद्राला एक नेमका प्रश्न विचारायचा. छापील उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघायची. सर्व्हर मुंबईत असेल तर उत्तम; अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीलाच दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात.

"इन्स्टाग्राम असताना हा खर्च कशाला?" असं वाचनालयाच्या समितीत दर मार्चला कुणीतरी विचारतं. मी त्यांना सूचीत एखाद्या जुन्या दिवाळी अंकाचं नाव शोधायला सांगतो. अंक, वर्ष, कपाट, सगळं समोर येतं, आणि मग खजिनदार काका नूतनीकरणाचा चेक लिहायला घेतात.