शोधयंत्राचे उत्तर आणि आपला विवेक

पूर्वी काही अडले म्हणजे आपण गावच्या मास्तरांकडे जात असू. ते प्रश्न ऐकत, आणि विचारणारा कोण आहे तेही पाहत. आज मोबाइलमधील शोधयंत्राला विचारण्याचा प्रघात पडला आहे. तेही विचारणाऱ्याकडे पाहून उत्तर देते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

गूगलने 2005 साली आपल्या खातेदारांसाठी ही सोय सुरू केली व डिसेंबर 2009 पासून इतरांनाही लागू केली. आपण कोठे आहोत, मागे काय शोधले, यांवरून उत्तरांचा क्रम बदलू शकतो. यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. रात्री मुलाला ताप भरला, तर बेळगावच्या माणसाला बेळगावचाच दवाखाना हवा. बडोद्याचा घेऊन तो काय करणार? संगणक शिकणाऱ्या मुलाने 'पायथन' लिहिले, तर त्याला त्या नावाची संगणकभाषा हवी असते, अजगर नव्हे.

परंतु सर्वच प्रश्न असे नसतात. आमच्या घरी एका वडीलधाऱ्या बाईंना मधुमेह आहे. त्यांचे इन्सुलिन बंद करून काढ्यावर भागवावे, असे एका आप्तांनी सुचविले व आधारादाखल आपला मोबाइल पुढे केला. तेथे काढ्यांची स्तुती ओळीने मांडलेली होती. तेच शब्द आम्ही आमच्या मोबाइलवर लिहिले, तो उत्तरांचा क्रम निराळा! मग आम्ही डॉक्टरांना विचारले. इन्सुलिन आपल्या मनाने थांबविणे जिवावर बेतू शकते, असे त्यांनी बजावले.

अमेरिकन लेखक एली पॅरिझर यांनी 2011 साली 'द फिल्टर बबल' या पुस्तकात हाच इशारा दिला होता: आवडीचेच पुढे येत राहिले, तर माणूस आपल्याच मतांच्या बुडबुड्यात कोंडला जातो. उलट, आपण फारच थोडा बदल करतो व तोही मुख्यतः ठिकाण आणि लगतचा शोध पाहून, असे गूगलने 2018 साली सांगितले. ते मान्य केले, तरी प्रश्नाचे शब्द आपलेच असतात. 'काढ्याचे फायदे' विचारणाऱ्यास फायदेच दिसणार.

म्हणून, वाचकहो, महत्त्वाच्या प्रसंगी शोधाची नोंद बंद करून पाहावे, प्रश्न उलटा करूनही विचारावा, आणि जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. आपल्याला रुचणारे उत्तर आणि खरे उत्तर यांत अंतर असू शकते. ते ओळखण्याचे काम यंत्राचे नव्हे, आपले आहे.