सात दिवस, अठरा रविवार

शेतातल्या कामाचा रेटा जरा ओसरला की साक्री तालुक्यात सप्ताहाचे मांडव पडू लागतात. कासारे, दहिवेल, निजामपूर, पिंपळनेर, कुठंही जा, बेत तोच. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. वीणा एकदा गळ्यात आली की सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारेकरी तेवढे बदलत राहतात. पारायणाला बसणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात आणि त्यांतल्या कितीएकींच्या हाती वर्षभरात दुसरं पुस्तक येत नाही.

हिशेब सरळ आहे. ओव्या नऊ हजार, दिवस सात. म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. एकट्या अठराव्या अध्यायात अठराशेवर ओव्या, त्यामुळे शेवटी शेवटी व्यासपीठावरचा चालक वेग वाढवतो आणि मांडवात नुसता घोष उरतो. एवढ्या घाईत अर्थ काय कळणार, असं शहाणी माणसं विचारतात. मला हा प्रश्न अर्धाच खरा वाटतो. 1290 सालची ती मराठी शिकलेल्यालाही टीपेवाचून जड जाते. पण जिभेला तिचं वळण पडतं आणि निंदणीच्या पाथेवर एखादी ओवी आपसूक ओठावर येते. अर्थ मागाहून येतो, कधी दहा वर्षांनी. कधी येतच नाही, हेही कबूल.

गीतेच्या याच अठरा अध्यायांना आमच्याच जिल्ह्यात अगदी वेगळी चालही मिळाली. साक्रीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर धुळ्याचा तुरुंग. तिथं 1932 साली विनोबा राजबंदी होते. 21 फेब्रुवारीला त्यांनी पहिलं प्रवचन दिलं आणि 19 जूनला अठरावं. दर रविवारी एक अध्याय, मधे खंड नाही. सहा दिवस तुरुंगातली कामं करायची आणि ऐकलेलं मनात घोळवायचं. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. समोर बसून ते भराभर उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झालं. ते लेखणीतून नाही, तोंडातून आलंय हे पानोपानी जाणवतं: वाक्यं आखूड, दाखले घरातले, आणि समोर ऐकणारा माणूस आहे याचं भान कुठंही सुटलेलं नाही.

पुढच्याच फेब्रुवारीत गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिची प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम बोलतो, मित्र ऐकतात. धुळ्यातल्या रविवारांचा कान त्या रात्रींमागे असावा, असं मला आपलं वाटतं. पुरावा काही नाही.

खानदेशातलं उत्तम वाङ्मय असंच एकाच्या तोंडून निघालं आणि दुसऱ्याच्या हातानं कागदावर आलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गात आणि मुलगा सोपानदेव नि भाऊबंदांतला पितांबर ते टिपून ठेवीत. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती प्रकाशात आणली आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं. स्वतःचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांना न वाचता येणाऱ्या अक्षरांतलं त्यांचं नाव आज जळगावच्या विद्यापीठावर आहे.

पण सोपानदेव प्रत्येक घरात नसतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सव्वाच्या मापानं रोटांचे गहू घेतलेले असतात, नारळाला देवीचा साज चढतो आणि रात्रभर बाया अहिराणीत गातात. सोमवारी सकाळी मिरवणूक कान नदीवर जाते आणि ती गाणी पुन्हा वर्षभर गप्प. एकेका म्हातारीला अशी कितीतरी येतात. सांगा म्हटलं तर आठवत नाहीत. तिचं म्हणणं असं, “म्हनाले लागनू का याद येस.” डांगच्या बाजूला कोकणी आदिवासींच्या पाड्यांवर काशाच्या थाळीला मेणानं काडी चिकटवून तिच्यावरून बोटं ओढत सूर धरतात आणि त्या सुरावर रात्रभर कथा सांगतात. त्यांतल्या फार थोड्या छापल्या गेल्या.

तेव्हा आठवडाभर वाचायला चांगलं काय, असं कुणी विचारलं तर मी नवी यादी देत नाही. रविवारी विनोबांचं एकच प्रवचन घ्यावं आणि पुढच्या रविवारपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. बहिणाबाई मोठ्यानं वाचावी, डोळ्यांनी नको. बोली उच्चारताना अडखळलात तरी चालेल. आणि कानबाईच्या रात्री वही घेऊन बसावं. फोनवर आवाज धरून ठेवा, पण हातानंही उतरवा, अहिराणीतच. पुस्तकी मराठीत आणून ते सुधारू नका. खाली गाणारणीचं नाव, गाव आणि साल तेवढं लिहा.