काळी शेळी, काळा दगड

उस्मानाबादी शेळीचा फोटो मनासारखा येणं अवघड. एक तर ती घडीभर थांबत नाही आणि दुसरं म्हणजे ती काळी असते. नुसती काळी नव्हे. ऊन पाठीवर पडलं की निळसर झाक मारणारी, तुकतुकीत काळी. डायल ऑटोवर ठेवून बालाघाटाच्या उतारावर चरणारी अशी एखादी शेळी चौकटभर घेतली, तर स्क्रीनवर उमटते ती राखाडी. मागचं माळरान पांढरंफटक पडतं आणि आभाळ तर उरतच नाही.

कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. समोर शेळी आहे की भिंत, हे त्याच्या मीटरला ठाऊक नसतं. पुढ्यात येईल ते सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून तो उजेडाचा हिशेब मांडतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत या करड्याला 18 टक्के म्हणतात, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला एवढाच वाटा परत फेकणारा. काळं दिसलं की मीटरला वाटतं, उजेड कमी पडतोय. मग तो जास्त उजेड आत घेतो. एखाद्या आजोबांचा पांढरा फेटा पुढे आला की याच्या उलट होतं. घरच्यांनी नीळ घालून धुतलेला फेटा मळकट दिसायला लागतो.

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात हे सोसत नाही. इथली जमीन काळी, किल्ल्यांचे दगड काळे, शेळी काळी. आणि चैत्र-वैशाखात ऊन असं की डोळ्यांवर हात धरल्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नाही. अशा मुलखाला सरासरी लावली की त्यातला मुलूखच निघून जातो. मला डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, न्यावीशी वाटली ती यासाठी. फोटो ‘चांगला’ यावा यापेक्षा काळं ते काळं राहावं, एवढीच माझी ओढ होती.

स्टँडजवळच्या एका जुन्या स्टुडिओत मी जाऊन बसत असे. तिथल्या काकांनी उभी हयात रोलवर लग्नं काढलेली. मी शेळीची तक्रार सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मीटरला काय कळतंय? शेळी काळी हाय, हे त्याला तू सांगायचं!” सांगायचं म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या तळाशी जी छोटी मोजपट्टी दिसते, तिच्यावरचा काटा शून्यावर न आणता वजा एक, वजा दीडपर्यंत खाली ठेवायचा. फेट्यासाठी तोच काटा अधिकाच्या बाजूला सरकवायचा. काकांना तर मीटरही लागत नसे. पूर्वी रोलच्या खोक्यात सूचनांचा कागद यायचा. लख्ख ऊन, विरळ ढग, दाट ढग अशी चित्रं आणि त्यांच्यापुढे आकडे. तो त्यांना पाठ होता. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ 16 आणि फिल्म आयएसओ 100ची असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हा जगभरच्या छायाचित्रकारांचा आडाखा त्यांच्या बोटांत मुरलेला होता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते रस्त्यावर पडलेल्या सावलीची कड बघत. कड धारदार असली की सोळा, मऊ झाली की अकरा, सावलीच दिसेना की आठ किंवा त्याहून खाली.

तेव्हापासून कॅमेरा हातात नसतानाही मी सावल्यांच्या कडा बघत चालतो. मॅन्युअलनं मला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅपर्चर खरं उमगलं ते तेरला. संत गोरोबाकाकांचं हे गाव त्यांच्याही आधी कित्येक शतकं तगर या नावानं व्यापारी जगाला माहीत होतं. तिथल्या त्रिविक्रम मंदिराचा सगळ्यांत जुना भाग विटांचा, मागून अर्धगोल. एफ 2.8 वर त्यातली एकच वीट दिसते, तिची झिजलेली कड आणि सांध्यातली माती. बाकीचं मंदिर विरघळून जातं. एफ 11 वर भिंत अखंड उभी राहते.

शटर मात्र उमगलं ते नळदुर्गच्या किल्ल्यात. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर इथं दगडी बंधारा बांधला गेला. मुख्य किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ यांना जोडणारा हा बंधारा. त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. ढगाळ दुपारी मी तिवई रोवली. आयएसओ 100, एफ 22, शटर सेकंदाचा आठवा भाग. धार पिंजलेल्या कापसासारखी आली. मग आयएसओ 800, एफ 5.6, शटर हजारावा भाग. फोटोचा उजळपणा तोच, कारण एकीकडे जेवढं दिलं तेवढंच दुसरीकडून काढून घेतलं. पण आता थेंब सुटे झाले, एकेक थेंब हवेत टांगलेला. मला दुसरा फोटो जवळचा वाटतो. बोरीचं पाणी खाली जोरात आदळतं. पहिल्या फोटोत तो जोर कुठंच नाही.

पाणीमहालात उतरलं की हे सगळं शिक्षण पणाला लागतं. आत अंधार, पुढे खिडकी, खिडकीबाहेर कोसळतं पाणी. खिडकीतला उजेड आणि आतली भिंत यांच्यात एवढं अंतर असतं की दोन्ही एका फोटोत पुरते मावत नाहीत. कुणाला तरी सोडावं लागतं. चित्रकाराला ही अडचण नसते. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी 1853पासून काही वर्षं नळदुर्गचा कारभार पाहत होता. तो चित्रंही काढायचा. त्याची दख्खनची रेखाचित्रं 1837 सालीच पुस्तकरूपानं आली होती. हातात पेन्सिल असली की अंधार किती गडद करायचा, हे काढणाराच ठरवतो. कॅमेऱ्यात तो हक्क डायल फिरवून मागून घ्यावा लागतो.

मी पाणी धरलं, भिंत काळी राहू दिली. तेवढ्यात जिन्यावरून कॉलेजच्या मुलींचा घोळका आला.

“दादा, आमचा एक काढा की!”

त्यांना खिडकीच्या आत, उजेडाला तिरकं उभं केलं. एफ 4, शटर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, आयएसओ 800. स्क्रीनभोवती सगळ्यांची डोकी जमली. अर्धे चेहरे उजळले होते, कानातली, ओढण्यांच्या किनारी, सगळं दिसत होतं. उरलेला अर्धा भाग अंधारात.

“फ्लॅश मारा की, ही बाजू काळीच आली.”

“तिथं काळंच आहे,” मी म्हणालो. मग त्यांतली एक जण मागच्या भिंतीकडे वळून नीट बघायला लागली, आणि म्हणाली, “हाय तसंच आलंय गं.”