पांढऱ्यावर स्टील

‘तांत्रिक शब्द टाळा,’ असं संपादकांनी बजावलंय. प्रयत्न करतो.

मी वस्तूंची चित्रं करतो; कॅमेऱ्यानं नव्हे, संगणकावर. ऑनलाइन दुकानात पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर दिसणारे नळ, डबे, मिक्सर यांतले कितीतरी कधी कॅमेऱ्यासमोर आलेलेच नसतात. २००६ साली आयकियाच्या कॅटलॉगमध्ये बर्टिल नावाची लाकडी खुर्ची अशी अवतरली; २०१४पर्यंत त्यांची सुमारे तीन चतुर्थांश उत्पादनचित्रं संगणकावर होऊ लागली होती.

लोकांना वाटतं, मागे काहीच नाही तर कष्ट कसले? प्लास्टिकचा लाल डबा असेल तर खरंच फारसे नाहीत. लाल तो लालच राहतो. गुळगुळीत स्टील मात्र स्वतःचं काही दाखवत नाही, आजूबाजूचं दाखवतं. आजूबाजूला सगळं पांढरं, तर पातेलं म्हणजे चुना फासलेलं मडकं.

त्यातही आधी हरवतात कडा. थोडं भूमितीत शिरतो. गोल भांड्याच्या मध्यभागी कॅमेऱ्याच्या बाजूचं प्रतिबिंब असतं. कडेकडे जावं तशी नजर पृष्ठभागाला घासून जाते आणि भांड्यामागचं दिसू लागतं. मागे पांढरं असेल तर भांडं संपलं कुठं, हेच कळत नाही. काचेचंही तेच. समोरून पाहिलं तर काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परततो. घासून पाहिलं तर जवळजवळ सगळा. हा हिशेब फ्रेनेल या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलाय.

उपाय फोटोग्राफरांचा, जुना. मागचा पांढरा पडदा चौकटीपुरताच ठेवायचा आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करायचे. त्यांचं प्रतिबिंब कडेलगत गडद पट्टी होऊन उतरतं आणि भांड्याला पोट येतं. पुढून एक लांबट सॉफ्टबॉक्स (मऊ प्रकाशाची पेटी), एका कडेला प्रखर, दुसरीकडे विरत गेलेला.

संगणकात मीही तेच करतो, पण आमच्यातल्या सोवळ्या मंडळींना हे खपत नाही. पॉल डेबेवेकनं १९९८ साली खऱ्या जागेचा प्रकाश टिपून त्यानं संगणकातली वस्तू उजळायची रीत मांडली. तेव्हापासून एका गटाचं पालुपद: खऱ्या खोलीचा एचडीआरआय (असं टिपलेलं प्रकाशचित्र) लावा, येईल ते खरं. येतं काय? तांब्याच्या पोटावर कुणा परक्याच्या खिडक्या! मी पार्श्वभूमी कॅमेऱ्याला पांढरी दाखवतो आणि स्टीलला करडी. ब्लेंडर या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. याला ते फसवणूक म्हणतात. पुठ्ठ्यानं केली तर कला आणि माउसनं केली तर लबाडी? शिवाय ॲमेझॉनला मुख्य चित्रात पार्श्वभूमी २५५, २५५, २५५ अशी निखळ पांढरी लागते आणि ब्लेंडरच्या एजीएक्स या रंगगाळणीतून गेलेलं पांढरं करडं होऊन येतं, ते निस्तरायचं वेगळंच. पण संपादकांना शब्द दिलाय, थांबतो.

भोसरीतल्या एका कुकरवाल्यांचं काम मात्र अजून डोक्यातून जात नाही. ‘सर, ही काळी पट्टी काढा. डाग वाटतो.’

‘ते प्रतिबिंब आहे, साहेब.’

‘आमच्या कुकरवर कुठं काय काळं आहे? बघा ना.’ त्यांनी खरा कुकर टेबलावर आणून ठेवला. त्यात दरवाजा, टेबलाची कड, त्यांचा काळा शर्ट आणि मी, सगळे ठळक उमटलो होतो. त्यांना दिसत होता फक्त कुकर. यात त्यांचा दोष नाही. खऱ्या भांड्यासमोर आपण जरा हललो की प्रतिबिंब सरकतं, आणि ते भांड्याचं नव्हे हे डोळा ओळखतो. चित्रात काहीच सरकत नाही. तिथं तेच डाग ठरतं.

पट्टी काढली. झाकण पांढऱ्यात विरघळलं. चार दिवसांनी फोन: ‘कड दिसत नाही हो, बाजूनं एक बारीक करडी रेघ मारून द्या.’ मारून दिली. पैसे वेळेवर आले.

जाता जाता ते म्हणाले, ‘तुमचा कुकर आमच्यापेक्षा भारी दिसतो.’ कौतुकच होतं ते. टेबलावरच्या कुकरवर बफिंगच्या बारीक रेघा होत्या, बुडाशी एक पोचा होता. चित्रात मी त्या घालत नाही, कारण कुणी मागत नाही. काळी पट्टी खोटी नाही, हे मी कुणालाही तासभर पटवून देईन. या रेघांचं मात्र अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढत नाही.