न वाचलेली ओळ

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी सर्वांदेखत खोटं बोलले. खोटं तसं लहानसंच, अवघ्या चार शब्दांचं होतं. कुणाचं त्यात काही बिघडलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तेव्हापासून ते मनात ठाण मांडून बसलं आहे. वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा दुसरं काही सुचेनाच.

दर शनिवारी शेवटचा तास संपला की मराठी विभागाच्या खोलीत आम्ही सात-आठ जण मागे रेंगाळतो. या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नियम एकच – आठवड्यात घरी बसून जो सिनेमा पाहिला असेल तो इतरांना सांगायचा. गावातलं थिएटर बंद पडून खूप वर्षं झाली. त्यामुळे आमचा सिनेमा म्हणजे घरचा सिनेमा. एखाद्याच्या घरी मोठा टीव्ही आहे, बाकीच्यांच्या हातात मोबाइल. सर खिडकीपाशी बसून ऐकतात, मधूनच एखादा प्रश्न विचारतात आणि पुन्हा गप्प होतात.

पहिल्या वर्षी मी नुसती ऐकायला बसायची. किती बोलतात ही मुलं! कुणी ‘सामना’ पाहून आलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव मोठा की डॉ. लागूंचा मास्तर, यावर अर्धा तास हातघाई. एकीने चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ पाहिला होता. तिचं म्हणणं, कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि काही घडतच नाही. त्यावर वसतिगृहातला एक मुलगा इतका चिडला! म्हणाला, “शेवटी तो न्यायाधीश बाकावर डुलकी काढतो, पोरं त्याला दचकवून उठवतात आणि तो एका पोराला थोबाडीत देतो. ते घडणं नाही तर काय?” ती म्हणाली, “एका थोबाडीसाठी दोन तास बसायचं?” मला दोघांचंही पटत होतं. माझ्यापुढचा मोठाच पेच हा, की जो बोलेल त्याचं मला पटतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा मार्केट यार्डात हमाल आहेत. आई चार घरची धुणीभांडी करते. धाकटा भाऊ आठवीत. आबांचा सिनेमा म्हणजे जत्रेतल्या तंबूतला. ‘पांडू हवालदार’ त्यांनी तंबूत तीनदा पाहिला, त्यातही एकदा मागची कनात उचलून, फुकट. हे ते अजून अभिमानाने सांगतात. अशा घरातून आलेल्या मुलीने सिनेमावर काय बोलावं? मग मी तयारी करून जायला लागले. सिनेमा पाहण्याआधीच त्याच्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचायची, दोन-तीन भारी शब्द वहीत उतरून घ्यायची आणि शनिवारी ते आपलेच म्हणून सांगायची.

सरांनी एकदा बोलता बोलता ‘बायसिकल थीव्ज’चं नाव घेतलं. व्हिट्टोरिओ डी सिका या दिग्दर्शकाचा १९४८ सालचा इटालियन चित्रपट. १९५० साली लंडनमध्ये तो पाहून सत्यजित राय यांना वाटलं की आपणही असा चित्रपट करावा, आणि त्यातून १९५५ साली ‘पथेर पांचाली’ आला. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो बिमल रॉय यांनी पाहिला, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. “पण आपणही काही कमी नव्हतो,” सर म्हणाले, “कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच ‘सावकारी पाश’ काढला होता. सावकारापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट; त्यातला तरुण शेतकरी शांतारामबापूंनी केला होता.” मी सगळं वहीत लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी हाच सिनेमा सांगायचा, असं ठरवलं.

आमची एकच खोली. रात्री जेवणं झाल्यावर मी पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि कानात वायर घालून बसणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “एकटीच काय बगतीस? आमाला बी दाव की.” मी म्हटलं, “परदेशी आहे, आबा. जुना. रंगीत पण नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचायला लागतात.”

“मग तू कशाला हाईस?”

अशी मी त्या रात्री दुभाषी झाले. आई, आबा आणि भाऊ एवढ्याशा काचेपुढे डोकी जुळवून बसले. इंग्रजी ओळ आली की मी ती मराठीत मोठ्याने सांगायची. चुकायचं, पुढची ओळ निघून जायची, मग भाऊ ओरडायचा, “थांबव, थांबव!” दीड तासाचा सिनेमा आम्ही अडीच तास पाहिला.

गोष्ट साधी आहे. युद्धानंतरचं रोम शहर. आंतोनिओ नावाच्या बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचं काम मिळतं, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. सायकल तर गहाण पडलेली. मग बायको अंथरुणावरच्या चादरी काढून गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहान मुलगा ब्रूनो ती शोधत शहरभर हिंडतात. बस्स, एवढंच.

चादरी गहाण टाकताना आई म्हणाली, “बायकूच शानी हाय,” आणि पुढे सरकून बसली. पुढे भविष्य सांगणारी बाई येते. मला तो भाग उगाच लांबवलाय असं वाटलं, अजूनही वाटतं; पण आईला तोच सगळ्यात आवडला. “आपल्या देवरुशिनीवानीच की!”

आबा मात्र भलत्याच ठिकाणी अडकले. गहाणाच्या दुकानात एक माणूस चादरींचं गाठोडं घेऊन फळ्यांवर पाय देत वर चढतो. वर, आणखी वर, छतापर्यंत सगळी लोकांची गाठोडी. हा क्षण मी आधी वाचलेल्या लेखात होता. ‘दारिद्र्याचा प्रचंड आवाका सुचवणारी प्रतिमा’ असं काहीतरी मी वहीत लिहून घेतलं होतं. आबा म्हणाले, “मागं घे जरा.” मी मागे घेतलं. “बग, वझं घिऊन कसा चढतुया. येक हात रिकामा ठिवावाच लागतुया. आन थप्पी कुटवर गेलीया बग… ह्यानं दिसातनं किती खेपा केल्या आस्तील?” आंतोनिओकडे मी पाहत होते, ब्रूनोकडे पाहत होते. त्या चढणाऱ्या माणसाची खेप मोजायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आंतोनिओचं काम करणारा माणूस नट नव्हता, खरोखरचा कारखान्यातला कामगार होता, हे मी सांगितलं तेव्हा आबांनी नुसती मान हलवली. “चालन्यावरनंच कळतंय.”

आता शेवट सांगायला हवा, कारण त्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. दिवसभर हिंडून सायकल मिळत नाही. एका दाराशी कुणाची तरी सायकल उभी दिसते. आंतोनिओ मुलाला ट्रामने पुढे जायला सांगतो आणि ती सायकल घेऊन पळतो. पण मुलाची ट्राम चुकते. तो वळून पाहतो, तर लोक बापाच्या मागे धावताहेत, त्याला धरलंय, मारताहेत, टोपी खाली पडली आहे. ब्रूनो रडत गर्दीत घुसतो. सायकलचा मालक त्या पोराकडे बघतो आणि म्हणतो, जाऊ द्या याला. सुटका होताना लोक बापाला सुनावतात. खाली ओळ आली. पोराला बरं शिकवतोयस, अशा अर्थाची.

मी ती ओळ वाचली नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. ती आमच्या घरात कधी कुणी काढलेली नाही. मी सहावीत होते. उन्हाळ्याची सुट्टी आणि हळदीचा हंगाम. दुपारी आबांचा डबा घेऊन मी यार्डात जायची. त्या दिवशी एका गाळ्यापुढे माणसं जमली होती. मध्ये आबा. त्यांच्या खिशातून हळकुंडं निघाली होती. पोती उचलताना, नमुना काढताना जमिनीवर सांडतात तसली. सांडलेला माल कुणाचा, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही. दिवसाला शेकडो किलो हळद पाठीवरून वाहणाऱ्या माणसाच्या घरात त्या आठवड्यात हळद संपली होती, एवढं मात्र मला ठाऊक होतं. गाळ्याच्या मालकाने आबांच्या कानाखाली लगावली. मग त्याला मी दिसले, हातात डबा घेऊन उभी. तो म्हणाला, “पोरगी आलीय म्हणून सोडतो.”

ब्रूनोने काय केलं? बापाची खाली पडलेली टोपी त्याने झटकून साफ केली आणि चालता चालता बापाचा हात हातात घेतला. मी काय केलं? मी डबा पायरीवर ठेवला आणि पळाले. घरी जायचा नेहमीचा रस्ता सोडून ओढ्याच्या बाजूने गेले. संध्याकाळी आबा आले, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवसापासून डबा भाऊ नेऊ लागला. तो तेव्हा किती लहान होता! आईने कारण विचारलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं.

तर मोबाइलवर ती ओळ आली, आणि मी गप्प. भाऊ म्हणाला, “ताई, सांग की.” मी म्हटलं, “काही नाही, सोडून दिलं त्याला.” आबा काचेकडेच बघत होते. म्हणाले, “काय म्हनली ती मानसं? काय तरी म्हनली.”

“शिव्या दिल्या,” मी म्हटलं.

“देनारच.” थोड्या वेळाने म्हणाले, “पोरगं ब्येस हाय. टोपी झटकली त्यानं.”

मग ते उठले आणि तंबाखूची चंची घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईने अंथरुणं घातली. दिवा मालवला तरी आबा बाहेरच होते. चुना मळल्याचा, थोपटल्याचा आवाज येत होता. मी चादर तोंडावर घेतली. पुन्हा झोपेचं सोंग!

शनिवारी माझी पाळी आली. मी वही उघडली आणि बोलले. नववास्तववाद म्हणजे काय, स्टुडिओऐवजी रस्त्यावर चित्रण का केलं, गाठोड्यांची ती प्रतिमा काय सुचवते… दहा मिनिटं बोलले. कुणी हातघाईवर आलं नाही, कुणी चिडलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे कुणालाच काही झालं नव्हतं. खिडकीपाशी बसलेले सर म्हणाले, “छान. आणि घरच्यांना कसा वाटला?”

मी म्हटलं, “घरच्यांना तो कळला नाही.”

पुढचा मुलगा ‘फँड्री’बद्दल बोलू लागला. काय बोलला, ते मला आठवत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मॅडमना देण्याआधी आबांना वाचून दाखवायचं ठरवलं. धैर्य होत नव्हतं. चार दिवस वही पिशवीतच होती. शेवटी रविवारी, आई कामाला आणि भाऊ खेळायला गेलेला पाहून ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि खाली मान घालून वाचत गेले. यार्डाचा भाग आला तेव्हा आवाज बारीक झाला. “मोठ्यानं वाच,” ते म्हणाले. न वाचलेली ती ओळही या वेळी मोठ्याने वाचली.

संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नावं घातली नाहीस ना, एवढं विचारलं. नाही म्हटलं. मग छापायला हरकत नाही म्हणाले. वही मिटली तेव्हा म्हणाले, “येक ऱ्हायलं. तू डबा ठिवून ग्येलीस न्हवं, त्यो खाल्ला मी. त्याच पायरीवर बसून. तुला आपलं वाटत आसंल, उपाशी ऱ्हायलो.”

मला खरोखरच तसं वाटत होतं. इतकी वर्षं.

“वांग्याची भाजी हुती,” आबा म्हणाले. “त्ये बी लिव.”