पहाटे तीन वाजता, पाऊस हवा!

तुम्ही कधी व्हिडीओ गेममध्ये नुसतं आकाश बघत बसला आहात? म्हणजे मिशन नाही, गोळीबार नाही, गाडी पळवणं नाही. फक्त मान वर! नसाल, तर आमच्या बारक्याला भेटा.

बारक्या माझा मामेभाऊ. मुक्काम महाड. 2021 मध्ये तो नववीत होता. जगातली बाकीची पोरं ‘जीटीए फाइव्ह’मध्ये बँका लुटण्यात मग्न असताना हा पठ्ठ्या त्या गेममधल्या माउंट चिलियाडच्या शिखरावर उभा राहून उडती तबकडी शोधत होता. (हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, ही गोष्ट कृपया मामीच्या कानावर जाऊ देऊ नका.)

खरं सांगायचं तर त्याला बिघडवलं मीच. मी शाळेत असताना सुट्टीत महाडला आले की तिथल्या सायबर कॅफेत जाऊन ‘सॅन अँड्रियास’ खेळायचे. 2004 चा गेम, आजच्या मानाने चित्रं अगदीच ओबडधोबड. पण त्यात स्नायपर रायफलने चंद्रावर नेम धरून गोळी झाडली की चंद्राचा आकार बदलायचा! आणि रात्री आभाळ स्वच्छ असेल तर चांदण्यांमध्ये चक्क गेम बनवणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह दिसायचं. ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले होते की कॅफेवाल्या काकांनी माझा पीसी बंद पडला असं समजून धाव घेतली.

तर, ओपन वर्ल्ड गेम्सचा हा एक वेगळाच फंडा आहे. गोष्ट पुढे नेण्याची सक्ती नाही. मनात येईल तिथे भटका. आणि भटकणाऱ्यांसाठी बनवणाऱ्यांनी आभाळात खाऊ लपवून ठेवलेला असतो. ‘स्कायरिम’मध्ये दोन चंद्र आहेत, मॅसर आणि सेकुंडा, शिवाय थंड प्रदेशात हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचे पडदे. ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये रात्री एखादा तारा खरोखर जमिनीवर पडतो. पडला तिथून प्रकाशाचा खांब उभा राहतो आणि उजाडायच्या आत तुम्ही धावत जाऊन तो उचलायचा. ‘रेड डेड रिडेम्पशन टू’मध्ये एका पडक्या खोपटात रात्री दोन वाजता उभे राहिलात तर डोक्यावर हिरवा उजेड येतो.

पण सगळ्यात हट्टी अट ‘जीटीए फाइव्ह’ची. गेम शंभर टक्के पूर्ण हवा. मग चिलियाडच्या माथ्यावर जायचं. घड्याळात पहाटेचे तीन. आणि पाऊस हवा! तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच ढगांतून ती तबकडी दिसणार.

जुलै 2021 मध्ये बारक्या शंभराच्या अगदी जवळ आला होता. फोनवर रोज आकडा सांगायचा. “ताई, आता फक्त पाऊस लागला पाहिजे.”

पाऊस लागला. गेममध्ये नाही.

22 जुलै 2021. सावित्री आणि गांधारी दोन्ही शहरात शिरल्या. मामाचं घर तळमजल्यावर. रात्रीत पाणी छताकडे सरकलं. घरचे सगळे शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. वीज नाही, फोनला रेंज नाही. मी मुंबईत बसून दोन दिवस एकाच नंबरावर फोन लावत होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. आमच्या घरचे वाचले. चिखलातून बाकी काय काय काढलं त्याची यादी नको. त्यात एक पीसीही होता. त्याच्याबद्दल कोण बोलणार? बारक्यासुद्धा बोलला नाही.

पुढच्या वर्षी मामाने त्याला सेकंडहँड पीसी घेऊन दिला. मला वाटलं, आता हा पुन्हा चिलियाड चढायला घेणार. पण दिवाळीत गेले तर साहेब ‘स्कायरिम’मध्ये बर्फात उभे. लढाई नाही, काही नाही. तासभर नुसता तो हिरवा प्रकाश बघत. “काय रे, तबकडी सोडलीस?” मी सहज विचारलं. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “त्याला पाऊस लागतो ना.”

एवढंच. मला उत्तर सुचलं नाही.

नंतर मामीकडून कळलं. जून लागला की हा रात्री उठून खिडकीशी जातो. आकाश बघतो, मग नदीच्या दिशेला कान देतो. महाडात आभाळाकडे बघणं म्हणजे हेच झालं होतं. आणि म्हणूनच त्याला दुसरं आभाळ लागत होतं. ज्यात काहीही पडलं तरी कुणाचं घर बुडत नाही, असं.

मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. मला सुचलं ते एवढंच की याला एकदा खरं आभाळ दाखवायचं. कोरडं! मी वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला जाऊन आले होते, त्यामुळे चार तारे ओळखण्याइतपत माझी मजल होती. 2023 च्या डिसेंबरात योगही सॉलिड होता. 13 तारखेच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कांचा वर्षाव आणि अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. म्हणजे चंद्राची लुडबुड नाही.

आमचं आजोळ पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. भात झोडून झालेलं, खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी. आम्ही घोंगड्या टाकून खळ्यातच आडवे झालो. महाडच्या दिशेला एमआयडीसीचा पिवळट उजेड क्षितिजावर होता, बाकी मिट्ट काळोख. आजी आतून ओरडली, “थंडीचं बाहेर कशाला मरताय रे?” आणि दोन मिनिटांत स्वतःच शाल गुंडाळून बाहेर आली.

पहिला अर्धा तास एकही उल्का नाही. बारक्या म्हणाला, “ताई, हा गेम लोड व्हायला फार वेळ घेतोय.”

मग एक आली. पांढरी, सावकाश, अर्धं आभाळ कापत. आम्ही तिघंही ओरडलो. मग दुसरी. मग एकदम तीन. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेला हा चुरा, सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरून जळतो, वगैरे ज्ञान मी पाजळलं. बारक्याने ते सोडून नेमका प्रश्न विचारला, “सगळ्या तिथूनच का येतायत?”

‘तिथे’ म्हणजे डोक्यावर दोन ठळक तारे होते, जवळजवळ. “ते पुनर्वसू,” मी म्हटलं.

“पुनर्वसू? म्हणजे तरणा पाऊस?” आजी.

आता बारक्या उठून बसला. आजीचं पावसाचं कॅलेंडर त्याला पाठ होतं. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, मग पुष्याचा म्हातारा. 22 जुलै कुणाच्या वाट्याला येते तेही. सूर्य 20 जुलैच्या सुमारास पुष्यात जातो. महाड बुडवलं ते म्हाताऱ्याने.

“पुष्य कुठाय?”

मी दाखवला. पुनर्वसूच्या मागे, अगदी अंधुक. दोन-तीन फिकट ठिपके आणि शेजारी धुरकट डाग. नीट बघितलं नाही तर सापडतही नाही.

“एवढंसं?” तो म्हणाला.

मग मी त्याला हाताची मूठ सूर्य करून समजावलं. जुलैत सूर्य याच ताऱ्यांच्या पुढ्यात असतो. ते त्याच्याबरोबर उगवतात, त्याच्याबरोबर मावळतात, म्हणून ढग नसते तरी दिसले नसते. पृथ्वी अर्धी फेरी मारून पलीकडे आली की तेच तारे मध्यरात्री डोक्यावर. म्हणजे पावसाची सगळी नक्षत्रं एकेक करून हिवाळ्यापासून पुढे रात्री बघता येतात. कोरडी. आजीने मृगाकडे बोट दाखवून “ते तिकांडं” म्हटलं, आणि मला जाणवलं की तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

गेममध्ये हे नसतं. ‘माइनक्राफ्ट’चा चंद्र आठ दिवसांत आठ कला दाखवतो, पण कला कुठलीही असो, उगवतो मात्र सूर्य मावळतानाच. अमावास्येचासुद्धा! बारक्याने हे स्वतःच शोधून काढलं, घरी परतल्यावर. “ताई, हे चूक आहे,” असा रात्री बाराला फोन. मला जाम आनंद झाला.

त्या रात्री आम्ही एकसष्ट उल्का मोजल्या. आजीच्या मते त्रेसष्ट. बारक्या बराच वेळ पुष्याकडेच बघत होता. काय बघतोयस, असं मी विचारलं नाही.

सगळं ठीक झालं असं म्हणणार नाही. जूनमध्ये तो अजूनही खिडकीशी जातो. मामाही जातो. महाडात बहुतेक घरांत कुणी ना कुणी जातंच.

पण जुलै 2024 मध्ये, म्हातारा पाऊस लागला त्या आठवड्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर माझा फोन वाजला. बारक्याने फोटो पाठवला होता. चिलियाडचा माथा, धो धो पाऊस, ढगांत एक गोल उजेड. कोपऱ्यात त्याच्या खोलीची खिडकीही आली होती. काचेवर पाणी.

खाली एकच ओळ : “ताई, आली. इकडे पण पडतोय. नदी अजून खाली आहे.”