रेघ कोणी मारली?

परवा रद्दीच्या दुकानातून आणलेले इतिहासाचे एक जुने पुस्तक चाळताना आमच्या नववीतल्या मुलीने विचारले, "अब्बा, यात हिंदू काळ, मुस्लिम काळ आणि मग ब्रिटिश काळ असं लिहिलंय. म्हणजे नवा काळ आला आणि आपला संपला का?"

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. शाळेत हेच तीन काळ आम्ही पाठ केले होते, त्यावर गुणही मिळवले होते. हा प्रश्न मात्र आम्हाला कधी पडला नव्हता.

मगरिबनंतर आम्ही तिला घेऊन बसलो. ही विभागणी रूढ झाली ती जेम्स मिल या ब्रिटिश लेखकाच्या १८१७ सालच्या ग्रंथामुळे. मिल कधी भारतात आलाच नव्हता. पहिल्या दोन काळांना त्याने धर्माचे नाव दिले. तिसऱ्याला मात्र ख्रिस्ती काळ म्हटले नाही. ज्याला 'मुस्लिम काळ' म्हटले, त्यातच दक्षिणेत विजयनगरचे राज्य दोनशेहून अधिक वर्षे नांदले आणि १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. पाटीवर नाव एकाचे, घरात नांदत होते अनेक.

आधुनिक काळ नक्की कधी सुरू झाला, यावरही एकमत नाही. युरोपात कोणी १४५३ धरतात, म्हणजे उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले ते वर्ष. कोणी कोलंबसच्या सफरीचे १४९२, तर कोणी फ्रेंच राज्यक्रांतीचे १७८९. भारतात कोणी औरंगजेबाच्या मृत्यूपासून, १७०७ पासून मोजतात, कोणी १७५७ च्या प्लासीपासून. आपल्या महाराष्ट्रात १८१८, पेशवाईचा शेवट. अलीकडे बरेच इतिहासकार साधारण १५०० ते १८०० या काळाला 'आरंभीचा आधुनिक काळ' म्हणतात. या मांडणीत मुघल, उस्मानी आणि सफवी राज्ये आधुनिक काळाच्या उंबरठ्याबाहेर राहत नाहीत. ती आतच येतात.

"मग खरं वर्ष कुठलं?" मुलीने विचारले.

कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसलेल्या दादी म्हणाल्या, "आमच्या गावात वीज आली ना, तो माझा नवा काळ."

मुलगी हसली. मग विचार करून म्हणाली, "माझा १८४८. फुले पती-पत्नींनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हापासूनचा."

आम्हाला तिचे उत्तर पटले. राजे कोण होते हे पाहणारा एक रेघ मारतो, व्यापार पाहणारा दुसरी, शिक्षण पाहणारा तिसरी. इतिहास समजायला रेघा लागतातच. पण ती कोणी मारली आणि काय पाहून मारली, हे विचारायला हवे.

वाचकहो, आपली मुले असे प्रश्न विचारतील तेव्हा 'पुस्तकात आहे तेच लिही' म्हणून त्यांना गप्प करू नका. आम्ही पाठांतर करून गुण मिळवले, पण आपण या देशाच्या कुठल्या पानावर आहोत, हे आम्हाला मुलीने विचारल्यावर शोधावे लागले. कुठल्याही एका पानावर आपण संपलेलो नाही, एवढे आता तिला ठाऊक आहे. आम्हालाही.